चिंचोक्यांतला नाणेघाट

दुसरी-तिसरीतल्या मुलांना फळ्यावर ‘एकशे पंचवीस’ लिहायला सांगितलं, तर सुरुवातीच्या दिवसांत त्यातली बरीच मुलं लिहितात : १००२५. आधी शंभर, त्यापुढे पंचवीस. वहीत असं दिसलं की त्यावर लाल फुली पडते आणि शेजारी बरोबर उत्तर येतं. पण फुली मारण्याआधी तो आकडा एकदा निरखून पाहावा. मुलाने कानावर पडलेलं सगळं लिहिलंय, त्याच क्रमाने, काहीही न गाळता. त्या लिहिण्यामागे विचार आहे. आणि नवल असं, की हाच विचार आपल्याच मुलखातल्या एका घाटमाथ्यावर दगडात कोरलेला सापडतो.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. घाटाच्या माथ्याला एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. यज्ञांमध्ये दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे : गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. यादी आली म्हणजे आकडे आलेच, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही आपल्याला या भिंतीवर भेटतात. त्या आकड्यांत दहासाठी एक स्वतंत्र खूण आहे. विसासाठी वेगळी, ऐंशीसाठी वेगळी, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी आणखी वेगळी. सतरा लिहायचे तर दहाची खूण काढायची आणि पुढे साताची. सातशे लिहायचे तर शंभराच्या खुणेला सात जोडायचे. शून्य कुठेच नाही, कारण या पद्धतीत त्याची गरजच पडत नाही.

नागनिकेच्या लेखकाला एकशे पंचवीस कोरायचे असते, तर त्याने शंभराची खूण, मग विसाची, मग पाचाची कोरली असती. आपला दुसरीतला विद्यार्थी ‘१००’ ही तीन अंकांची मिळून एकच खूण समजतो आणि पुढे पंचवीस मांडतो. म्हणजे तो नाणेघाटापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. कुणी न शिकवता, सात-आठ वर्षांच्या वयात. तिथून आजच्या अंकलेखनापर्यंत यायला माणसाला काही शतकं लागली. प्राथमिक शाळेतल्या बाई हे अंतर एका वर्षात पार करून घेतात, आणि त्यासाठी लागतात चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड.

सुरुवात ढिगापासून होते. सतरंजीवर मूठ-मूठ चिंचोके ओतायचे आणि विचारायचं, किती असतील? कुणी वीस म्हणतं, कुणी हजार. मग मोजायला बसायचं. चाळिसाच्या आसपास कुणीतरी हाक मारतं, मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीनदा असं झालं की गटातलं एखादं मूल आपणहून चिंचोक्यांचे छोटे-छोटे पुंजके करायला लागतं. कधी पाचाचे, कधी दहाचे. गट करून मोजायची कल्पना बाईंनी सांगायच्या आधी मुलांना स्वतःच्या गरजेतून सुचते, म्हणून हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. ज्या वर्गात पहिल्याच दिवशी ‘दहा सुटे म्हणजे एक दशक’ ही व्याख्या फळ्यावर लिहिली जाते, तिथे मुलांचा हा शोध हिरावला जातो.

मग येतात काड्या. नियम एकच : सुट्ट्या काड्या नऊपर्यंतच ठेवायच्या. दहावी आली की लगेच रबर लावून जुडी बांधायची. दहा जुड्या झाल्या की त्यांचा गठ्ठा. शंभर काड्यांचा गठ्ठा पहिलीतल्या मुलाच्या एका मुठीत मावत नाही, दोन्ही हात लागतात. एक, दहा आणि शंभर यांच्यातला फरक कागदावर एकेका शून्याचा असतो, हातात मात्र तो वजनाचा आणि जाडीचा होतो. वजाबाकीची गंमत तर इथेच आहे. बत्तीसमधून सतरा काढायचे आहेत. तीन जुड्या आणि दोन सुट्ट्या काड्या समोर. सात सुट्ट्या काढायच्या तर दोनच आहेत. मूल क्षणभर थांबतं, मग एका जुडीचं रबर काढून टाकतं. वहीतला तो गूढ ‘हातचा’, वरच्या तीनवर काट मारून लिहिलेला दोन आणि शेजारी चढवलेला बारा, सगळं त्या एका रबरात असतं. ज्याने जुडी स्वतः सोडली आहे, त्याला हातचा का आणि कुठून आला हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

मराठीतल्या मुलांना जुड्यांचा आणखी एक आधार होतो. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणतीस म्हणताना तर पुढच्या तिसाचं नाव घेतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशीही वाचनपद्धत दिली, तेव्हा राज्यभर केवढी चर्चा झाली. अडचण खरी होती आणि ती मांडणाऱ्यांना मुलांची कळकळ होती. माझं मत असं, की दोन जुड्या आणि पाच काड्या समोर असल्या तर मूल त्यांना दोन्ही नावांनी सहज ओळखतं. एकोणतिसाची तर मजाच आहे : तिसरी जुडी बांधायला एकच काडी कमी पडतेय, हे डोळ्यांना दिसतं.

इथवर सगळं नाणेघाटासारखंच आहे. दहासाठी वेगळी वस्तू आहे, शंभरासाठी वेगळी. पुढची पायरी खरी अवघड आणि खरी थक्क करणारी. जमिनीवर खडूने तीन घरं आखायची : शतक, दशक, एकक. आता जुड्या बाजूला ठेवायच्या आणि पुन्हा चिंचोके घ्यायचे. एककाच्या घरात ठेवलेला चिंचोका एक. तोच उचलून शेजारच्या घरात ठेवला की दहा. आणखी एक घर सरकवला की शंभर. चिंचोका बदलला नाही, त्याचा आकार, रंग, वजन तेच राहिलं. बदलली ती फक्त जागा. मुलं हा खेळ पुन्हा पुन्हा खेळतात, कारण त्यांनाही ते खरं वाटत नाही. एका मुलाने चिंचोका सरकवायचा आणि दुसऱ्याने तेवढ्या काड्या आणून दाखवायच्या, असं केलं की शतकाच्या घरात चिंचोका गेल्यावर काड्या आणणाऱ्याची जी धावपळ होते, तिच्यात सबंध वर्ग सामील होतो.

एखाद्या खुणेची किंमत तिच्या जागेवरून ठरवायची, या एका कल्पनेमुळे दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिता येऊ लागली. नाणेघाटच्या पद्धतीत मोठी संख्या आली की नवी खूण घडवायची किंवा असलेल्या खुणा जोडायच्या. चिंचोक्यांच्या खेळात फक्त डावीकडे एक नवीन घर आखायचं.

आणि मग रिकाम्या घराचा प्रश्न येतो. शतकाच्या घरात दोन चिंचोके, दशकात एकही नाही, एककात पाच. लिहा. कुणी ‘२५’ लिहितं. कुणी दोनानंतर थोडी मोकळी जागा सोडून पाच लिहितं. मग ती पाटी दुसऱ्या गटाकडे द्यायची आणि त्यांना तेवढ्या काड्या आणायला सांगायच्या. ते दोन जुड्या आणि पाच काड्या घेऊन येतात. पहिला गट ओरडतो, ‘अरे, दोनशे आहेत ते!’ दुसरा गट म्हणतो, ‘मग तसं लिहा की!’ आता काहीतरी लिहिणं भाग आहे. मधलं घर रिकामं आहे, हे सांगणारी एक खूण हवी. मुलं कधी ठिपका देतात, कधी रेघ, कधी फुली, कधी गोल.

कंबोडियात सापडलेल्या ६८३ सालच्या एका शिलालेखात शक ६०५ हे वर्ष कोरलं आहे आणि मधल्या रिकाम्या जागी आहे एक ठिपका. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या ८७६ सालच्या लेखात देवाला दिलेल्या बागेचं माप २७० बाय १८७ हात असं सांगितलं आहे, आणि रोज ५० माळा देण्याची व्यवस्था लावून दिली आहे. त्यातली शून्यं आजच्यासारखी गोल आहेत, फक्त थोडी लहान. त्या भिंतीवरचं २७० आज आपल्याकडचं शाळकरी मूलही वाचू शकतं. नाणेघाट ते ग्वाल्हेर, मध्ये साधारण नऊशे वर्षं. सतरंजीवर दोन गटांतला तो वाद फार तर अर्ध्या तासाचा असतो.

१००२५ लिहिणाऱ्या मुलासाठी एक फार सुंदर साधन आहे. जाड कागदाच्या तीन पट्ट्या. लांब पट्टीवर १००, त्याहून आखूड पट्टीवर २०, सर्वांत लहान तुकड्यावर ५. आधी मुलाला त्या शेजारी-शेजारी मांडू द्यायच्या. मग शंभराच्या पट्टीवर विसाची पट्टी उजव्या कडेला जुळवून ठेवायची, तिच्यावर पाचाची. वरून दिसतं १२५. पट्ट्या उचलल्या की खालून शून्यं निघतात. म्हणजे मुलाने लिहिलेली शून्यं खोटी नव्हती. ती १२५ मध्ये आजही आहेत, वरच्या अंकांखाली झाकलेली. हे कळल्यावर मुलं एकेक पट्टी वर करून खाली काय आहे ते बघत बसतात, आणि मला तरी गणिताच्या शिकवण्यात याहून देखणी गोष्ट माहीत नाही. मारिया माँटेसरींनी अशाच अंकपट्ट्या सोनेरी मण्यांच्या जोडीने वापरल्या : एक सुटा मणी, दहा मण्यांची दांडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्ध संपेपर्यंत इथेच राहिल्या. त्यांची साधनं महाग होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना परिसरात मिळणारी पानं, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य केलं. गुरं चारणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणावर नेली. आज महाराष्ट्रातल्या असंख्य जिल्हा परिषद शाळांत डब्यात चिंचोके सापडतात, त्यामागे ही परंपरा आहे.

त्याच चिंचोक्यांनी चौथीतली मुलं आणखी एक कमाल पाहू शकतात. एक चिंचोका ठेवा. त्याच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून तीन ठेवा : चाराचा चौरस झाला. त्याला तशीच काटकोनी किनार लावा, पाच लागतात : नवाचा चौरस. पुढे सात, मग नऊ. विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की दर वेळी पूर्ण चौरसच तयार होतो, आणि तो कधीच मोडत नाही. का मोडत नाही, हे कोपऱ्यातला चिंचोका सांगतो : दर किनारीला आधीपेक्षा बरोबर दोन जास्त लागतात, दोन टोकांना एकेक. एकपासून दहापर्यंतची बेरीज हवी असेल तर चिंचोक्यांचा जिना मांडायचा, तसाच दुसरा जिना उलटा करून त्याला चिकटवायचा. दहा बाय अकराचा आयत होतो, त्याचे निम्मे पंचावन्न. आर्यभटाने ४९९ साली अशा श्रेढींची सूत्रं श्लोकांत दिली, आणि सुमारे हजार वर्षांनी केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटावरच्या भाष्यात ती आकृत्या रचून सिद्ध करून दाखवली. तुकडे जुळवून पटवण्याची ही रीत आपल्या गणितात मानाची होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हाताने काही केलं म्हणजे शिकणं झालं, असं होत नाही. थर्माकोल कापून, चमकी लावून, घरच्या मोठ्यांनी रात्री जागून बनवलेला प्रकल्प मुलाला काही विचारायला लावत नाही. चिंचोका विचारायला लावतो, कारण तो मुलाच्या अंदाजाला विरोध करू शकतो. आपण म्हणतो वीस, तो भरतो सदतीस. ज्या कृतीत वस्तू मुलाला ‘नाही’ म्हणू शकते, तीच खरी कृती. आणि अशा वेळी शिक्षकाचा ‘किती आले?’ हा प्रश्न पुरत नाही. ‘कसं कळलं?’ हा विचारावा लागतो, आणि मग उत्तर येईपर्यंत शांत बसावं लागतं.

वस्तूचं हे ‘नाही’ सर्वांत गोड रीतीने ऐकू येतं ते वालाच्या दाण्याकडून. काचेच्या ग्लासात टिपकागद गुंडाळून ओला ठेवायचा आणि काच व कागद यांच्या मध्ये दाणे अडकवायचे, मुद्दाम वेगवेगळ्या दिशांनी : एक सरळ, एक आडवा, एक उलटा. मुलांना वाटतं, उलट्याचं मूळ वर जाईल. काही दिवसांत प्रत्येक मूळ वळण घेऊन खालीच निघतं. मग तो ग्लास आडवा करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं पुन्हा जमिनीच्या दिशेने वळलेली असतात. अंधाऱ्या कपाटात ठेवला तरी तेच. १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवलं, की मुळाचं अगदी टोक कापलं तर मूळ वाढतं, पण खाली वळायचं विसरतं. त्या टोकावरच्या टोपीत काही पेशी असतात आणि त्यांच्यात पिष्टाचे जड कण. ग्लास आडवा केला की ते कण पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात, आणि खाली कुठे आहे ते मुळाला त्यावरून समजतं. भाजीच्या वालाच्या दाण्यात अशी ओळंबा धरणारी यंत्रणा आहे!

दुसरं ‘नाही’ शाळेच्या पटांगणात ऐकू येतं. पुस्तकात असतं की दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते. पुण्यातल्या एखाद्या शाळेने मैदानात एक मीटरची काठी उभी करावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करावी. बारा वाजून जातात, सावली अजून लहान होतेच आहे. साडेबाराच्या पुढे, वर्षाच्या सरासरीने बारा पस्तीसला ती सर्वांत आखूड होते. फेब्रुवारीच्या मध्यावर तर बारा एकोणपन्नास होतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठरा. मुलांना वाटतं, आपलं मोजमाप चुकलं. ते चुकलेलं नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ दाखवतं, आणि सूर्याला तिथून पुण्यावर यायला पस्तीस मिनिटं लागतात. शिवाय पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून वर्षभर काही मिनिटांची पुढे-मागे चाल.

मुंबई शहराला तर सूर्याची ही स्थानिक वेळच स्वतःची वाटत होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईची वेगळी ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालत राहिली, थेट १९५५ पर्यंत. काठीची सावली मोजणारी मुंबईतली मुलं आजही त्याच वेळेपाशी येऊन पोहोचतात.

याच काठीभोवती दोरीने वर्तुळ काढलं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना जिथे छेदतं आणि दुपारनंतर बाहेर पडताना जिथे छेदतं ते दोन बिंदू जोडले, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे. आता पुण्यातल्या मुलांनी २२ डिसेंबरला मध्यान्हाची सावली मोजावी : एक मीटरच्या काठीची जवळजवळ ९० सेंटिमीटर, उत्तरेकडे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ढगांनी थोडी उसंत दिली, तर २१ तारखेच्या आसपास पुन्हा मोजावी. जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, आणि ती पडलेली असते दक्षिणेकडे! सूर्य आपल्या डोक्यावरून ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. तो जाताना मे महिन्यात एकदा आणि परतताना एकदा बरोबर माथ्यावर येतो, तेव्हा मध्यान्ही काठीला सावलीच नसते. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथल्या प्रत्येक गावाला हे दोन दिवस मिळतात. दिल्लीतल्या मुलांना एकही मिळत नाही.

दोन शाळांनी मिळून करण्यासारखं एक काम आहे. एक शाळा नागपूरची, दुसरी मुंबईची. एकाच दिवशी दोन्हींकडे काठी उभी करायची, सर्वांत आखूड सावलीची वेळ घड्याळात पाहायची आणि बाईंच्या फोनवरून एकमेकांना कळवायची. नागपूरचं मध्यान्ह साधारण पंचवीस मिनिटं आधी होतं. त्या पंचवीस मिनिटांत ते मिनिटाला सुमारे २६ किलोमीटर वेगाने पश्चिमेला सरकत मुंबईला येतं. हा वेग आवाजाच्या वेगाहून जास्त आहे. आता नकाशाची वही उघडायची : नागपूर एकोणऐंशी अंशांच्या जरा पुढे, मुंबई त्र्याहत्तरच्या जरा अलीकडे, दोन्हींत अंतर सव्वासहा अंशांचं. पंचवीस मिनिटांना सव्वासहाने भागलं की एका अंशाला चार मिनिटं येतात. पृथ्वीचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा. चौथीतली मुलं ३६० ला ४ ने गुणतात, उत्तर येतं १४४०, आणि कुणीतरी त्याचे तास करून पाहतं : चोवीस.